जर्मन दुकानदाराचं काय चुकलं?

२०२५च्या ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामने अमेरिकेत नकाशा सुरू केला. परवानगी दिलेली मित्रमंडळी कुठे आहेत ते त्यावर दिसतं, आणि कोणत्या ठिकाणाहून कोणी काय टाकलं तेही दिसतं. लगेच सल्लागार मंडळी कामाला लागली. छोट्या धंद्यांना ही मोठी संधी आहे, गिऱ्हाईक आता नकाशावरून थेट दारात येईल, जो यात उतरणार नाही तो मागे पडेल, वगैरे. जर्मनीतल्या मराठी व्यावसायिकांना हे ऐकवताना उपदेशाला एक शेपूट जोडलेलं असतं: जर्मनांसारखं करू नका. पंधरा वर्षांपूर्वी फोरस्क्वेअर आलं, फेसबुकचं 'प्लेसेस' आलं, तेव्हा जर्मन लोक घाबरून घरात बसले आणि त्यांच्या दुकानदारांचं नुकसान झालं.

मला वाद घालायचा आहे तो या शेपटाशी. ते उपदेशातून काढून टाकलं तर उपदेशाला आधारच उरत नाही. जर्मन भित्रे होते म्हणून ही सेवा चालली नाही असं मानलं, तरच 'तुम्ही भिऊ नका, तुमच्याकडे चालेल' असं म्हणता येतं. ती धंद्याच्याच कसोटीवर नापास झाली असेल, तर मात्र तुम्ही कितीही धीट असा, तुमच्याकडेही ती नापासच होणार.

आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण मांडू. न्यूयॉर्कच्या डेनिस क्राउली आणि नवीन सेल्वादुराई यांनी मार्च २००९ मध्ये फोरस्क्वेअर आणलं. हॉटेलात, कॅफेत, दुकानात गेलात की फोन काढून 'मी इथे आहे' अशी नोंद करायची, म्हणजे चेक-इन करायचं. साठ दिवसांत एखाद्या जागी ज्याची हजेरी सर्वांत जास्त तो त्या जागेचा महापौर. दुकानदाराने महापौराला काही सवलत द्यावी, कोणी पहिल्यांदा आलं तर त्यालाही द्यावी, अशी योजना. ऑक्टोबर २०१० मध्ये फेसबुकने 'प्लेसेस' जर्मनीत आणलं आणि जानेवारी २०११ अखेर चेक-इन करणाऱ्यांसाठीच्या सवलतीही युरोपात सुरू केल्या. नेमक्या त्याच हंगामात जर्मनीत गूगल स्ट्रीट व्ह्यूवरून रण पेटलेलं होतं. आमच्या घराचं चित्र पुसून टाका असे २,४४,२३७ अर्ज गूगलकडे गेले. त्यामागे १९८३च्या जनगणनेविरुद्धचं आंदोलन होतं, आणि त्याच वर्षी घटना न्यायालयाने दिलेला निकालही होता. स्वतःच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवायचा हक्क माणसाचा स्वतःचा, असं त्या निकालाने सांगितलं. दोन हुकूमशाह्यांच्या हेरगिरीची आठवणही होतीच. मग निष्कर्ष निघतो तो असा: ज्या देशात घराच्या भिंतीचा फोटो चालत नाही, तिथे 'मी आत्ता अमुक बिअरगार्डनमध्ये आहे' असं कोण सांगणार?

ऐकायला बिनतोड वाटतं. पण स्ट्रीट व्ह्यूचाच आकडा घ्या. ज्या वीस शहरांत तो प्रकार सुरू झाला तिथे सुमारे ८४ लाख घरं होती. अर्ज आले ते तीन टक्क्यांहून कमी घरांतून. महिनोन्महिने वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी आणि मंत्रीसुद्धा या विषयावर बोलत होते, तरी शंभरातल्या सत्त्याण्णव घरांनी एक अर्जही केला नाही. पुढे २०२३ मध्ये स्ट्रीट व्ह्यू जर्मनीत ताज्या चित्रांसह परतलं तेव्हा तो दंगा कुठे दिसला नाही. ज्यांना 'जर्मन भीती'चा पुरावा म्हणून हा आकडा मिरवायचा असेल त्यांनी भागाकार करून मिरवावा.

याहून मोठा पुरावा जर्मन माणसाच्या पाकिटात असतो. पेबॅक नावाचं कार्ड म्युनिकमध्ये २००० साली सुरू झालं. दुकानाच्या गल्ल्यावर ते दाखवलं की गुण जमतात आणि त्याबदल्यात तुम्ही कोणता शाम्पू, किती दूध, कोणत्या वारी, कोणत्या शाखेतून घेतलंत याची नोंद होते. तीन कोटींहून जास्त लोक ते वापरतात. (आपल्याकडे बिग बझारच्या रांगेत 'पेबॅक आहे का?' असं विचारायचे, ते हेच.) खरेदीची एवढी बारीक कुंडली अर्ध्या टक्क्याच्या मोबदल्यात खुशाल देणारा समाज माहितीच्या भीतीने गारठलेला आहे, हे मला पटत नाही. पेबॅकमध्ये त्याला काय मिळतं ते त्याला कळतं. चेक-इनमध्ये कळलं नाही.

शिवाय या कल्पनेचा एक मोठा भाग जर्मनीतच जन्मला. फोरस्क्वेअर येण्याच्या आधीच बर्लिनमध्ये आका-आकी नावाची सेवा होती. बर्लिनच्या कला विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ती निघाली. फोनचं ब्लूटूथ वापरून आसपास कोण सदस्य आहे ते ती सांगायची. २०१२ मध्ये ती बंद पडली. हॅम्बुर्गमध्ये श्टेफान उरेनबाखर यांनी सुरू केलेलं क्वीप तर त्याहून किती तरी मोठं झालं. लोक आपल्या गल्लीतल्या न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांवर त्यात हौसेने लिहायचे, आणि ते युरोपातल्या मोठ्या स्थानिक अभिप्राय-सेवांपैकी एक होतं. 'मी अमक्या ठिकाणी गेलो, असं जेवलो' हे जगाला सांगायला हजारो जर्मन तयार होते.

आणि समजा, जर्मन भित्रेच. मग अमेरिकन तर भित्रे नव्हते ना? तिथल्या प्यू संशोधन संस्थेने २०१०च्या नोव्हेंबरमध्ये पाहणी जाहीर केली. इंटरनेट वापरणाऱ्या प्रौढांपैकी फक्त चार टक्के अशा सेवा वापरत होते. पुढे स्मार्टफोनवाल्यांत हे प्रमाण २०१२च्या सुरुवातीला अठरा टक्क्यांवर गेलं आणि २०१३ मध्ये बारावर उतरलं. याच काळात फोन वाढले, नकाशे सुधारले, इंटरनेट स्वस्त झालं, आणि चेक-इन करणारे मात्र घटले. फेसबुकनेही ऑगस्ट २०११ मध्ये 'प्लेसेस' वेगळी सोय म्हणून गुंडाळलं. अमेरिकेत ना घटना न्यायालयाचा तसा निकाल होता, ना घरं पुसण्याचे अर्ज. तिथेही हेच घडलं असेल, तर कारण जर्मन मनात शोधण्यात अर्थ नाही.

ते गल्ल्यावर शोधावं लागेल. चेक-इन कोण करतो? जो आत आलेला आहे तो. दुकानदाराची अडचण नेमकी बाहेरच्यांची असते: जो रस्त्यावरून पुढे निघून जातो, ज्याला हे दुकान आहे हेच ठाऊक नाही. पंगतीत बसून दुसऱ्यांदा भात वाढून घेणाऱ्याला जेवणाचं निमंत्रण पाठवावं, तसा हा प्रकार. त्यातही महापौर म्हणजे रोज येणारा, पूर्ण पैसे मोजणारा, सवलत न मागणारा माणूस. त्यालाच फुकट कॉफी. न्यूर्नबर्गच्या एखाद्या कॅफेचा मालक हे गणित मांडायला बसला तर त्याच्या लक्षात येईल की ज्या गिऱ्हाइकावर त्याला हमखास नफा होतो, नेमका त्याच्यावरचाच नफा तो सोडतोय. त्याच्या बदल्यात त्याला मिळतं काय, तर त्या गिऱ्हाइकाच्या मित्रांच्या फोनवर एक ओळ. त्यातला एखादा मित्र त्याच गावात असेल, त्याच वेळी मोकळा असेल आणि त्याला कॉफीची तल्लफही आलेली असेल, तर तो येईल.

इथे सल्लागार म्हणतात, निष्ठावंत गिऱ्हाईक जपण्यासाठी एवढा खर्च करायलाच हवा. बरोबर. पण ते काम जर्मनीत आधीच होत होतं आणि स्वस्तात होत होतं. पुठ्ठ्याचं कार्ड, दर खरेदीला एक शिक्का, दहावा डोनर किंवा दहावी कॉफी मोफत. कार्ड छापायला काही सेंट लागतात, आणि गिऱ्हाईक कोण हे तिसऱ्या कुणाला कळत नाही. गावातल्या जुन्या गास्टहाउसमध्ये नेहमीच्या मंडळींचं टेबल राखीव असतं, त्यावर 'श्टामटिश' अशी पाटी असते. तिथे कोण बसतं, कोणाला कोणती बिअर लागते, हे वाढणाऱ्या बाईंना पाठ असतं. फोरस्क्वेअरने याच नात्याचा डिजिटल पर्याय आणला. पण त्या नात्यातली ओळख मालकाकडून काढून अमेरिकेतल्या एका कंपनीकडे ठेवली आणि सवलतीचं बिल मात्र मालकाकडेच राहू दिलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, याला दुसरं उदाहरण शोधायला नको.

सवलतीबाबत जर्मन दुकानदाराचा हात आखडता असतो, हे खरं. पण त्यालाही इतिहास आहे. १९३३च्या कायद्याने किरकोळ विक्रीत रोख खरेदीवर तीन टक्क्यांहून जास्त सूट द्यायला मनाई होती. तो कायदा रद्द झाला २००१च्या जुलैमध्ये. म्हणजे चेक-इनवाल्या सवलती आल्या तेव्हा सुटीचा खेळ मोकळेपणी खेळायला लागून या दुकानदारांना जेमतेम दहा वर्षं झाली होती. सूट देऊन आणलेलं गिऱ्हाईक सूट संपली की जातं, हा धडा ते नुकताच गिरवत होते. त्यात बर्लिनच्या सिटीडीलला २०१० मध्ये ग्रुपॉनने विकत घेतलं आणि अर्ध्या किमतीच्या कूपनांचा पूर आला. अशा वेळी आणखी एका सवलत-यंत्राला 'नको' म्हणणारा मालक मला तरी शहाणा वाटतो.

आपल्याकडे हा धडा जरा उशिरा आणि जास्त आरडाओरडा होऊन आला. ऑगस्ट २०१९ मध्ये उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने 'लॉगआउट' मोहीम पुकारली. झोमॅटो गोल्डसारख्या सभासद-योजनांतून शेकडो हॉटेलं बाहेर पडली. गुरुग्राममधून निघालेलं लोण मुंबई-पुण्यापर्यंत आलं. तक्रार हीच होती की सभासद-शुल्क अॅपवाल्यांच्या खिशात, आणि एकावर एक फुकट ताट हॉटेलवाल्याच्या खर्चाने. या मालकांना भित्रं किंवा मागासलेलं म्हणायची हिंमत कोणी केली नाही.

आता समोरच्या बाजूचा हुकमी एक्का. २०११ मध्ये ग्रानाटापेट या जर्मन कंपनीने कुत्र्यांच्या खाद्याचा एक जाहिरात-फलक उभा केला. मालकाने फलकासमोर फोरस्क्वेअरवर चेक-इन केलं की फलकातून खालच्या भांड्यात कुत्र्यासाठी खाऊ पडायचा. कल्पना झकास होती, त्यात दुमत नाही. गंधाने खेचला गेलेला कुत्रा मालकाला फलकापाशी थांबवणार, मालक फोन काढणार, त्याच्या मित्रांना ती बातमी कळणार. जाहिरातीच्या जगात हा फलक खूप गाजला आणि अजूनही सादरीकरणांत दाखवला जातो. पण तो गाजला कशाने ते पाहा. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला म्हणून. फलकासमोर उभ्या राहिलेल्या मूठभर कुत्र्यांच्या मालकांनी नोंद केली म्हणून कंपनीचं नाव झालं नाही. फोनवर नोंद करण्याऐवजी एखादा खटका दाबायला सांगितला असता तरी कुत्र्याने खाऊ तितक्याच आनंदाने खाल्ला असता. एक चांगली जाहिरात म्हणजे एक चालणारी सेवा नव्हे, आणि प्रत्येक गल्लीतल्या बेकरीवाल्याला असा फलक परवडतही नाही.

सवलतीचं नुकसान डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणारं नुकसान जास्त मोठं असतं, आणि त्यासाठी क्वीपचं पुढे काय झालं ते सविस्तर सांगायला हवं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या येल्पने सुमारे पाच कोटी डॉलरना क्वीप विकत घेतलं. वर्षभराने क्वीपवरचे जर्मन अभिप्राय येल्पवर हलवले. येल्पची पद्धत अशी की कोणता अभिप्राय 'शिफारस' म्हणून पुढे दाखवायचा हे संगणक ठरवतो. उरलेले पाठीमागच्या कप्प्यात जातात, आणि ठिकाणाला किती तारे ते मोजताना धरले जात नाहीत. क्वीपवर वर्षानुवर्षं जमलेले चांगले अभिप्राय असे ढिगाने मागच्या कप्प्यात गेले. काल जिथे चार-साडेचार तारे होते तिथे आज निराळंच चित्र. मालकांनी ना जेवण बदललं होतं, ना नोकर. बदलली होती ती फक्त वरची कंपनी.

काहींनी न्यायालय गाठलं. म्युनिकजवळच्या काही व्यायामशाळांच्या मालकिणीचा खटला सर्वांत पुढे गेला. बहुतेक अभिप्राय वगळून थोड्यांच्याच आधारे सरासरी काढली तर माझ्या व्यवसायाचं विकृत चित्र उभं राहतं, असं तिचं म्हणणं. म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. १४ जानेवारी २०२० रोजी कार्ल्सरूहच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो फिरवला. येल्पने कोणता अभिप्राय शिफारशीला लायक मानावा हे येल्पचं मत आहे, मताला संरक्षण आहे, आणि व्यावसायिकाने आपल्या सेवेवरची जाहीर चर्चा सोसली पाहिजे, असा त्याचा आशय. कायद्याच्या अंगाने हा निकाल बरोबर असेलही. धंद्याच्या अंगाने त्याचा अर्थ एवढाच की नकाशावर तुमच्या दुकानाचं जे रूप दिसतं ते तुमचं नाही. तुम्ही वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना 'जरा दोन ओळी लिहा हं' असं सांगून जमवलेला साठा दुसऱ्याचा आहे, तो विकला जातो, चाळला जातो, आणि त्याबद्दल तुम्ही दाद मागू शकत नाही. या निकालाच्या तीन वर्षं आधीच, २०१६च्या नोव्हेंबरमध्ये, येल्पने उत्तर अमेरिकेबाहेरचा विक्री आणि प्रसाराचा व्याप आवरायचं जाहीर केलं होतं. तारे तेवढे मागे राहिले.

साठा कंपनीचा, तर जबाबदारी कोणाची? इथे गंमत आणखी वाढते. किल शहरातल्या माहिती-संरक्षण कार्यालयाने २०११ मध्ये एका स्थानिक प्रशिक्षण संस्थेला तिचं फेसबुक-पान बंद करायला सांगितलं. पानावर येणाऱ्यांची माहिती फेसबुक गोळा करतं आणि संस्था त्याबाबत काही सांगत नाही, हे कारण. संस्था लढली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि ५ जून २०१८ रोजी निकाल लागला: पान चालवणारा व्यावसायिकही फेसबुकबरोबर संयुक्तपणे जबाबदार आहे. माहिती हाताळणार ते, वापरणार ते, आणि जाब विचारला तर दोघांनी मिळून द्यायचा. सल्लागारांच्या रंगीत स्लाइडींत ही बाब मला अजून दिसलेली नाही. आणि ती टाळणाऱ्या जर्मन दुकानदाराला आपण घाबरट म्हणायचं!

जागेचा आणि धंद्याचा काही संबंधच नाही, असं माझं म्हणणं नाही. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनाजवळच्या म्युन्शेनर स्ट्रासेवर किराणा घ्यायला येणारा नवखा मराठी विद्यार्थी फोनवर 'भारतीय किराणा' शोधतो, नकाशा त्याला वाट दाखवतो, दुकान उघडं आहे की नाही ते सांगतो. रविवारी दुकानं बंद असणाऱ्या देशात ही फार मोलाची माहिती. पण इथे शोधणारा बाहेर आहे आणि त्याला काहीतरी हवं आहे. कोणाचा मित्र कुठे बसलाय याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दुसरं उदाहरण बर्लिनच्या नेबेनान या शेजार-नेटवर्कचं. २०१५ पासून ते चालू आहे, पत्ता पडताळूनच आत घेतं, आणि मोहल्ल्यातले व्यावसायिकही तिथे आपलं पान ठेवू शकतात. तुम्ही या क्षणी कुठे आहात हे ते विचारत नाही, कुठे राहता ते विचारतं. सायकल दुरुस्त करणाऱ्याला याचा उपयोग आहे, कारण त्याचं गिऱ्हाईक म्हणजे चार गल्ल्यांत कायम राहणारी माणसं. या दोन्ही गोष्टी त्याच 'घाबरट' जर्मनीत चालतात.

फोरस्क्वेअरचंच शेवटी काय झालं तेही सांगून टाकू. २०१४ मध्ये चेक-इनचा खेळ 'स्वॉर्म' नावाच्या वेगळ्या अॅपमध्ये हलवला गेला. मूळ शहर-मार्गदर्शक अॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. कंपनी मात्र जिवंत आहे, कारण तिचा धंदा आता जागांची आणि माणसांच्या येण्याजाण्याची माहिती मोठ्या कंपन्यांना विकण्याचा आहे. न्यूर्नबर्गच्या त्या काल्पनिक मालकाने फुकट कॉफ्या पाजून ज्या नोंदी करवून घेतल्या असत्या, त्यांचं चीज झालं असतं, फक्त त्याच्या दुकानात झालं नसतं.

म्हणून नव्या नकाशाची वकिली करायला कोणी म्युनिकच्या किंवा पुण्याच्या व्यापाऱ्यांसमोर उभं राहिलं तर त्याने जर्मन स्वभावावर बोलू नये, तीन गोष्टींवर बोलावं. आमच्यावर लिहिलेले अभिप्राय आम्हाला उद्या दुसरीकडे नेता येतील का? सवलतीच्या खर्चात तुमचा वाटा किती? आणि आलेलं गिऱ्हाईक नकाशामुळे आलं की नाहीतरी येणारच होतं, हे तुम्ही मोजून दाखवाल का? यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर मी स्वतः त्या सेवेचा प्रचार करीन. 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी अभिमानाने लावणाऱ्या आपल्या दुकानदारालाही मग ती घ्यायला हरकत नसावी.